नव्या दहाचाकी ट्रकच्या तोंडावर फिल्म: अकरा महिन्यांचा हिशोब

गाडी घरी आली त्याच्या नवव्या दिवशी रंगाचा पहिला टवका उडाला. वडीगोद्री सोडून शहागडकडं निघालो होतो. पुढं गिट्टीचा हायवा, म्हणजे डंपर. वर ताडपत्री नाही, मागचा फाळका नीट बसलेला नाही, दर खड्ड्याला मूठभर गिट्टी रस्त्यावर सांडत चाललेली. मी मागं सरकेपर्यंत एक खडा बसलाच. टक्. काचेवर बसला असता तर लगेच दिसला असता, हा खाली कुठंतरी बसला.

गोदावरीच्या पुलाअलीकडं गाडी बाजूला घेतली आणि उतरून पाहिलं. काचेच्या खालच्या पत्र्यावर, डाव्या हाताला, तांदळाच्या दाण्याएवढी जागा उघडी पडली होती. कडेनं प्रायमरची राखाडी रेघ आणि मधोमध चकाकणारा पत्रा. अंगठ्यानं चोळून पाहिलं, कडा टोचल्या. चौदा वर्षं दुसऱ्याच्या गाड्यांवर स्टेअरिंग धरलं, ही पहिली स्वतःची. गुढीपाडव्याला, ३० मार्च २०२५ ला घेतली, तेही २८ टक्के जीएसटी भरून. सप्टेंबरात तो १८ वर आला, पण तोवर माझे सहा हप्ते गेले होते. अशा गाडीच्या तोंडावर नवव्या दिवशी पत्रा दिसला की जेवण जात नाही.

असा एक टवका पुढं काय होतो ते मी पाहिलेलं आहे. आधीच्या मालकाच्या गाडीला असाच दाणा उडाला होता. पहिल्या पावसाळ्यात त्याच्याभोवती तांबूस कडं आलं. दुसऱ्या पावसाळ्यात रंग फुगला, बोट लावलं की पोपडा हातात. पाणी टवक्यातून शिरतं आणि गंज रंगाच्या खालून आडवा सरकत जातो. वरून रंग शाबूत दिसतो, आत पत्रा खाल्लेला असतो. म्हणून टवका लहान आहे म्हणून सोडायचा नसतो. मी त्याच दिवशी गेवराईत येऊन जागा कोरडी केली, बारीक पॉलिश पेपरनं हलकी घासली, काडीच्या टोकानं प्रायमर आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या शेडचा टच-अप लावला. डाग दिसतो, पण गंज नाही.

त्यानंतर ठरवलं की यावर कायमचं काहीतरी करायचं, आणि शेवटी तोंडावर पारदर्शक फिल्म चढवली. काय केलं, किती लागलं, काय टिकलं आणि काय फसलं ते इथं लिहितो. आमच्या लाईनीत हे कुणी नीट सांगत नाही. कारवाले बोलतात, पण कारचं सगळं ट्रकला लागू होत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ट्रकचं तोंड सपाट आणि उभं असतं. कारचं बोनेट उतरतं असतं, त्यावर बसलेला बराचसा खडा घसरून वर निघून जातो. आपल्या केबिनवर तो समोरासमोर बसतो, सगळा मार पत्र्यावर. त्यात आमचे रस्ते. धुळे-सोलापूर रस्ता चांगला आहे, पण त्याला येऊन मिळणाऱ्या प्रत्येक फाट्यावर मुरूम असतो. ऊसाच्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या रानातून थेट डांबरावर येतात आणि टायरच्या नक्षीत अडकलेले खडे-ढेकळं शंभर-दोनशे मीटरपर्यंत सोडत जातात. पुढच्या गाडीचं चाक त्यावरून गेलं की खडा मागच्याच्या तोंडावर. माझी गाडी दहा टायर, २८ टनी. जालन्याच्या रोलिंग मिलमधून सळई भरायची आणि बीड, सोलापूर, लातूर, कधी नांदेड. परतीला डाळ, सिमेंट, कांदा, जे भाडं मिळेल ते. म्हणजे महिन्यातले वीस-बावीस दिवस हेच रस्ते.

आधी ज्यांनी सुचवलं त्यांचं सांगतो. एक जण म्हणला, पुढं जाड पाइपाचं क्रोमचं गार्ड बसव, आमच्या वडिलांच्या काळात सगळे बसवायचे. ते आता चालत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध असल्याचं राज्यांना कळवलं आणि कारवाई करायला सांगितलं. दंड एका बाजूला, पण धडक झाली की तो पाइप मार थेट चेसिसला आणि समोरच्या माणसाला देतो. आणि खडा तर त्याच्या फटीतून आत येतोच. मी तो विचारच सोडला.

दुसरा म्हणला सिरॅमिक कोटिंग कर. हे मी नीट विचारून घेतलं. सिरॅमिक म्हणजे सिलिकाचा एक थर. रंगावर चिकटतो, पाणी घसरतं, धूळ कमी धरते, चकाकी राहते. पण त्याची जाडी एक-दोन मायक्रॉनच्या घरात, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉनचा. म्हणजे केसाच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्शाएवढा थर गिट्टीचा मार कसा अडवणार? जाहिरातीत '९एच कडकपणा' लिहिलेलं असतं. ते पेन्सिल घासून बघायच्या परीक्षेतलं माप आहे. पेन्सिलीनं ओरखडा येत नाही एवढाच त्याचा अर्थ, दगडाशी त्याचा संबंध नाही. धुण्याच्या सोयीसाठी सिरॅमिक करा, टवक्यासाठी करू नका. मेणाचं आणि टेफलॉनचंही तेच.

खड्याला खरं अडवते ती पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. टीपीयू नावाचं रबरासारखं ताणणारं पारदर्शक प्लास्टिक असतं, साधारण २०० मायक्रॉन जाड. कंपनीतून आलेला सगळा रंग, प्रायमरपासून वरच्या क्लिअरपर्यंत, साधारण १०० ते १५० मायक्रॉन. म्हणजे रंगापेक्षा जाड गादीच त्याच्यावर चढते. खडा बसला की गादी दबते, मार पसरतो, रंग तुटत नाही. ही फिल्म परदेशातूनच येते असं मला वाटायचं. दुकानात कळलं की आपल्या छत्रपती संभाजीनगरात गरवारेचा कारखाना ती बनवतो. वाळूजवरून शेकडो वेळा सळई घेऊन गेलो, कधी माहीत नव्हतं. माझ्या गाडीला मात्र दुसऱ्या कंपनीची बसली, कारण त्या दिवशी दुकानात पुरेसा लांब रोल तिचाच होता. फिल्मचा रोल साधारण पाच फूट रुंद येतो आणि आपलं तोंड आठ फुटांच्या आसपास, त्यामुळं तुकडा आडवा काढावा लागतो. रोल अर्धवट उरलेला असेल तर मधे जोड येतो. जोड येऊ देऊ नका, तिथूनच धूळ शिरते.

दुकान संभाजीनगरात जालना रोडला. नाव लिहीत नाही, कारण पुढं एक चूक सांगणार आहे आणि ती त्यांनी स्वतः मान्य करून भरून दिली. गाडी बाहेर लावून आत गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणला, "मामा, ट्रकला कोण लावतं हो हे? कारला लावतात." मी म्हणलं, "कारवाला रविवारी फिरायला निघतो, मी रोज निघतो. मग गरज कुणाला जास्त?" मालक आतून आले. त्यांनी गाडी पाहिली, टेपनं माप घेतलं आणि सरळ बोलले की सगळी केबिन करू नका, पैसे वाया जातील. ही गोष्ट मला पटली. दुसरा कुणी असता तर सगळ्या केबिनचं बिल लावलं असतं.

शेवटी केलं ते एवढंच: काचेखालचा सगळा पत्रा, बंपरचा रंगवलेला भाग, दोन्ही बाजूंचे कोपरे, दारांची पुढची कड आणि आरशांच्या पाठी. ५८ चौरस फूट भरलं. २८० रुपये फुटानं १६,२४० झाले, सोळा हजारावर तोडलं. काचेच्या वरची पट्टी पैसे वाचवायला सोडली. तिचं पुढं काय झालं ते खाली येईलच.

खरी फिल्म कशी ओळखायची ते मालकांनीच दाखवलं. बाजारात पीव्हीसीची फिल्म पीपीएफ म्हणून खपवतात, दर निम्मा असतो आणि आपल्या उन्हात ती लवकर पिवळी पडते, मग कडक होऊन तडकते. त्यांनी दोन कात्रणं हातात दिली, बोटाएवढी. एक ताणलं आणि सोडलं तर हळूहळू मूळ मापावर आलं. दुसरं ताणलं ते ताणलेलंच राहिलं, मधे पांढरट रेघ आली. पहिली टीपीयू. तुम्ही जिथं कुठं जाल तिथं हे कात्रण मागा. नुसतं कार्ड आणि डब्याचा फोटो बघून पैसे देऊ नका. आणि वॉरंटी कशाची आहे ते वाचा. माझ्या कार्डावर पिवळं पडणं, तडकणं, सुटणं एवढं आहे. दगडानं फाटली तर ती नाही, आणि ते बरोबरच आहे, फाटण्यासाठीच तर लावायची.

बसवण्याचं काम मी दिवसभर उभं राहून पाहिलं. आधी धुणं, मग चिकणमातीसारखी एक वडी असते ती ओल्या पत्र्यावर फिरवली. नवी कोरी गाडी, तरी वडी काळी-तांबूस झाली. कारखान्यापासून शोरूमपर्यंतच्या प्रवासात लोखंडाचा कीस रंगात रुतलेला असतो, हात फिरवला तरच कळतो. मग स्पिरिटनं पुसलं. मग पत्र्यावर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर, दोन्हीकडं साबणाचं पाणी फवारलं, म्हणजे फिल्म तरंगत राहते आणि जागेवर सरकवता येते. दोघांनी दोन टोकं धरून, चादर पसरावी तशी ठेवली. मग रबरी पट्टीनं मधून कडेकडे पाणी काढत गेले. कोपऱ्यावर गरम हवेच्या बंदुकीनं तापवून ओढली. सगळ्यात महत्त्वाचं, कडा पत्र्याच्या मागं दुमडल्या. जिथं कड दुमडलेली आहे तिथं आज अकरा महिन्यांनी नखही शिरत नाही. जिथं दुमडायला जागा नव्हती, बंपरच्या खालच्या डाव्या कोपऱ्याला, तिथं बोटभर सुटली आहे.

दोन दिवस धुवायची नाही, आठ दिवस प्रेशरचं पाणी मारायचं नाही असं सांगितलं. मी पाळलं.

आता चूक. गाडी घेतल्यावर आईची इच्छा होती की तोंडावर येडेश्वरीचं नाव पाहिजे. आमचं कुलदैवत येरमाळ्याचं. आमच्याकडच्या पेंटर चाचांनी पिवळ्या इनॅमलमध्ये 'आई येडेश्वरी' फार देखणं काढलं, अक्षराला लाल सावली देऊन. फिल्म बसवायच्या चार दिवस आधी. इनॅमल वरून वाळलेला दिसतो, पण आत त्याचा वास निघून जायला आठवडे लागतात. फिल्म बसवणाऱ्या पोरानं विचारलं नाही की हे कधीचं आहे, आणि मला विचारायचं सुचलं नाही. अक्षरांवरून फिल्म ओढली गेली. मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर, तिसऱ्या आठवड्यात अक्षरांवर पापडासारखे बारीक फुगे आले. अडकलेला वास बाहेर पडायला जागा शोधत होता. परत दुकानात गेलो. तुकडा काढताना 'ये' सगळाच फिल्मबरोबर निघून आला आणि खालची 'ड'ची शेपटी तुटली.

मला त्या क्षणी काय वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. घरी आईला फोटो दाखवायची हिंमत झाली नाही, दोन दिवस गाडी घराकडं नेली नाही. दुकानाच्या मालकांनी मात्र हात झटकले नाहीत. म्हणले, "भाऊ, पोरानं विचारायला पाहिजे होतं, आमची चूक आहे." तो अख्खा तुकडा फुकट नवा बसवला. या वेळी आधी सगळी अक्षरं साफ काढली, कंपनीचा रंग मोकळा केला, त्यावर फिल्म आणि फिल्मच्या वर चाचांच्याच अक्षरांवरून कापलेलं पिवळं स्टिकर. चाचांनी कागदावर पुन्हा काढून दिलं, पैसे घेतले नाहीत. म्हणून सांगतो: नाव, देवाचं चित्र, लेकरांची नावं, जे काही लिहायचं ते फिल्मच्या वर. ब्रशनंच रंगवायचं असेल तर किमान महिनाभर वाळू द्या, मग फिल्म. डेंटिंग-पेंटिंग झालेल्या जुन्या गाडीलाही हेच लागू. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो, त्याला थांबायची गरज नाही.

क्रोमचं वेगळं आहे आणि त्याबद्दल लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज आहे. चकाकतं ते सगळं क्रोम एक नसतं. जाळीवरच्या पट्ट्या आणि कंपनीच्या नावाची अक्षरं बहुतेक प्लास्टिकवरचं क्रोम. ते गंजत नाही, पण खडा बसला की कड उचलली जाते आणि बेगडासारखं सुटतं. बाहेरच्या दुकानातून घेतलेल्या पट्ट्या, कव्हर, नट-टोप्या यात काही लोखंडावरचं क्रोम असतं, काही स्टीलच असतं. लोखंडावर आधी निकेलचा थर देतात, कधी त्याखाली तांब्याचा, आणि अगदी वर क्रोम. ते निळसर चकाकणारं क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. गिट्टीचा एक खडा त्यातून आरपार जातो, पाणी लोखंडापर्यंत पोचतं आणि पहिल्याच पावसात टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके येतात. मी एका दुकानातून बंपरच्या दोन पट्ट्या घेतल्या होत्या, 'स्टील आहे' म्हणून. घरी दाराचं चुंबक लावून पाहिलं, गच्च धरलं. नट-बोल्टाजवळ कड घासून पाहिली तर खाली काळं लोखंड. जुलैत ठिपके आले, ऑगस्टमध्ये काढून टाकल्या. पट्टी घेताना चुंबक खिशात ठेवा. चांगल्या ३०४ स्टीलला, म्हणजे न गंजणाऱ्या स्टीलला, चुंबक धरत नाही म्हणलं तरी चालेल.

क्रोमवर फिल्म लावावी का? रुंद, सपाट भाग असेल तर हो, रंगापेक्षा तिथं ती जास्त छान बसते. आरशाच्या क्रोम टोप्यांवर लावली आहे, आजवर एक ठिपका नाही. जाळीच्या बोटभर पट्ट्यांवर लावू नका. दुकानवाल्यांनी नको म्हणलं होतं, मी हट्टानं दोन पट्ट्यांवर लावून घेतली, महिन्यात कडा सुटल्या आणि त्यात काळी माती भरली. काढून टाकली. आता तिथं महिन्याला मेण लावतो, एवढंच. लोखंडी क्रोमवर ठिपके आलेच असतील तर काथ्या किंवा तारेची घासणी लावू नका. अॅल्युमिनियमची जी चकचकीत फॉइल डब्यात पोळीला गुंडाळतात, तिचा चुरगळलेला गोळा पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासा. गंज निघतो, क्रोमला ओरखडा येत नाही. मग कोरडं करून मेण. आणि धुलाई सेंटरवर अॅसिडचं पाणी मारू देऊ नका. रिमवरचा मळ झटकन निघतो म्हणून ते मारतात. क्रोम त्यानं धुरकट होतं आणि परत येत नाही.

लिंबू-मिरचीचंही सांगायला पाहिजे. दर शनिवारी बायको बांधते, मी कधी नाही म्हणणार नाही. पण ती तारेनं बंपरच्या क्रोमला बांधली की रस्त्याच्या हादऱ्यानं तार त्याच जागी महिनोन्महिने घासत राहते आणि लिंबाचा रस खाली ओघळतो. माझ्या आधीच्या गाडीला बरोबर त्या जागी अर्धगोल चरा पडला होता. आता दोरा वापरतो आणि नंबरप्लेटच्या पट्टीच्या बोल्टला बांधतो, क्रोमला नाही. हळद-कुंकवाचंही तसंच. दसऱ्याच्या पूजेला ओलं कुंकू फिल्मवर तीन दिवस राहिलं, धुतल्यावर गुलाबी डाग राहिला. हळदीचा पिवळा डाग उन्हानं पंधरा दिवसांत गेला, कुंकवाचा अजून फिकट दिसतो. आता स्वस्तिक काचेवर काढतो. काच एका पुसण्यात साफ.

पाणी हा आमच्याकडचा मोठा विषय. बोअरचं पाणी क्षारी, त्यानं धुऊन गाडी उन्हात सोडली की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरं कडं उरतं. फिल्मवर आणि क्रोमवर ते रंगापेक्षा जास्त उठून दिसतं आणि जुनं झालं की निघत नाही. मी आता सकाळी सातच्या आत धुतो आणि लगेच मऊ कपड्यानं कोरडं करतो. कडं राहिलंच तर व्हिनेगरात तेवढंच पाणी घालून कपड्यानं पुसायचं आणि लगेच साध्या पाण्यानं धुवायचं. पावसाळ्यात रात्री लाइटवर येणारे किडे तोंडावर चिकटतात, ते खरवडू नका. ओला कपडा दहा मिनिटं टाकून ठेवा, आपोआप सुटतात.

आता खरा प्रश्न, खडे अडवले का. सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी आपल्याकडं कुणी विसरणार नाही. रानं गेली, जनावरं गेली, त्यापुढं गाडीचा रंग म्हणजे काहीच नाही. पण रस्ते उखडले होते आणि खड्ड्यांत ओतलेली खडी महिनाभर सगळीकडं पसरलेली होती, भाडी त्यातूनच करावी लागली. फिल्मची खरी परीक्षा तेव्हाच झाली. दिवाळीत माझी सातवीतली मुलगी खडू घेऊन गाडीसमोर बसली आणि प्रत्येक खुणेभोवती गोल काढत गेली. फिल्मवर ३१ खुणा. त्यातल्या २ मध्ये फिल्म फाटून रंगापर्यंत मार गेला होता, बाकी २९ खाली रंग शाबूत. काचेच्या वरची जी पट्टी मी पैसे वाचवायला सोडली होती, ती फिल्मच्या जागेच्या सहाव्या हिश्शाएवढीही नाही, तिथं १७ टवके, सगळे प्रायमरपर्यंत, पाच पत्र्यापर्यंत. ते १७ मी एकेक करून प्रायमर लावून बुजवले, एक अख्खा रविवार गेला. सोडलेल्या पट्टीला साधारण अडीच हजार लागले असते.

फिल्म फाटली त्या दोन खुणांपैकी एक मला पाठ आहे. पाडळसिंगीच्या टोलपुढं, वाळूच्या हायव्याच्या जोडचाकात अडकलेला दगड सुटला, लिंबाएवढा. मी तो हवेत पाहिला. बंपरच्या वर बसला, केबिनमध्ये पायाला हादरा जाणवला. उतरून पाहिलं तर फिल्मला चंद्रकोरीसारखी चीर आणि खाली पत्र्याला पोचा. रंग मात्र तुटलेला नव्हता, पोच्याबरोबर आत गेला होता. पोचा कुठलीच फिल्म अडवू शकत नाही, हे लक्षात ठेवूनच पैसे घाला.

बारीक ओरखडे आपोआप भरतात असं सांगतात, ते खरं आहे. धुताना क्लीनरच्या ब्रशनं केसासारख्या रेघा पडल्या होत्या. हॉटेलवर चहाच्या किटलीतलं गरम पाणी मागून घेतलं, ओतलं, आणि डोळ्यांसमोर रेघा विरून गेल्या. उन्हाळ्यात तर दुपारी गाडी उभी केली तरी पुरतं. पण हे वरच्या थरातल्या ओरखड्यापुरतं. चीर पडली ती पडली.

पैशाचं गणित असं. पुढचं तोंड पूर्ण रंगवून घ्यायचं तर आमच्या भागात बारा-चौदा हजार आणि तीन दिवस गाडी उभी. तीन दिवस उभी म्हणजे दोन खेपा गेल्या, हप्ता मात्र थांबत नाही. शिवाय दुकानातला रंग कंपनीच्या भट्टीतल्या रंगासारखा टिकत नाही. सोळा हजारांत मला फिल्म महाग वाटली नाही. पण गाडी तीन-चार वर्षांत विकायची असेल, किंवा नेहमी खाणीतच चालत असेल, तर लावू नका. खाणीत फिल्म सहा महिन्यांत चाळण होईल. त्यांच्यासाठी बंपरवर जाड रबरी पट्टा आणि टच-अपची बाटली बरी.

आणि फिल्म असो नसो, दोन गोष्टींना पैसे लागत नाहीत. हायव्याच्या मागं राहायचं नाही. एकतर पुढं काढा, नाहीतर शंभर मीटर मागं राहा. आणि वेग. ८० च्या जागी ६० नं चाललात तर समोर उडालेल्या खड्याचा मार जवळपास निम्म्यावर येतो, कारण मार वेगाच्या वर्गानं वाढतो. मुलीच्या पुस्तकात हे सूत्र आहे, ती मला समजावून सांगत होती. मागच्या चाकांचे रबरी फ्लॅप तुटले असतील तर तेही बदला. आपल्यामागून येणाऱ्याचीही गाडी नवी असू शकते.

एक सूचना राहिली. बसवताना परावर्तक पट्ट्यांवर, म्हणजे पुढच्या पांढऱ्या आणि बाजूच्या पिवळ्या टेपवर फिल्म ओढू देऊ नका. पासिंगला अडचण येईल आणि रात्री चमक कमी होईल ती वेगळीच.

बंपरचा सुटलेला कोपरा आणि ती चंद्रकोरीची चीर, दोन्ही तुकडे बदलायचे आहेत, शिवाय वरची पट्टीही या वेळी करून घेणार आहे. मालकांनी फोनवर ३,८०० सांगितलेत. गुरुवारी वाळूजला सळई उतरवून तशीच गाडी लावतो. चैत्री पौर्णिमेला आईला येरमाळ्याच्या यात्रेला न्यायचंय, आणि ती म्हणालीय की ह्याच गाडीनं जायचं.